पावसानंतर सायकल ट्रेलवर काढताय? या चुका टाळा

सप्टेंबरात दोन दिवस उघडीप मिळाली की ठाणे-नवी मुंबईच्या सायकल ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: ‘ट्रेल (डोंगरातली मातीची वाट) सुकला का?’ आणि उत्तर देणारा बहुतेक वेळा खिडकीतून रस्ता बघून ‘हो’ म्हणून टाकतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

डांबर तासाभरात सुकतं, कारण पाणी त्याच्या आत शिरतच नाही. मातीचं तसं नाही. आपले डोंगर बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे. हा काळा दगड झिजून मुरूम होतो आणि मुरूम आणखी कुजला की चिकणमाती. चढावरच्या मुरमातून पाणी झरझर निघून जातं, एका दिवसाच्या कडक उन्हात ती वाट चालवण्याजोगी होते. चिकणमाती मात्र धरलेलं पाणी सोडत नाही. काळी माती तर पाणी पिऊन फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि वरचं पाणी वरच साचतं. ही बारीक माती वाहत येऊन बसते ती सखल जागी. त्यामुळे एकाच वाटेचा वरचा भाग कोरडा आणि खालचा चार दिवसांनीही राड, असं सर्रास दिसतं.

महिनाही बघा. जूनमध्ये खालची जमीन तहानलेली असते, सर आली तरी पिऊन टाकते. सप्टेंबरपर्यंत 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस जिरून-वाहून झालेला असतो. मग दोन दिवसांची उघडीप पुरत नाही, वर नुसती खपली धरते.

म्हणून मी वाटेच्या सर्वांत सखल जागी जाऊन चार बोटं खोल उकरतो आणि माती मुठीत दाबतो. गोळा वळला आणि अंगठ्याने दाबूनही फुटला नाही, तर सायकल परत वळवतो. सुरुवातीच्या टणक मुरमावर उभं राहून अंदाज बांधण्यात काही अर्थ नाही.

खारघरच्या डोंगरावर एकदा नव्या रायडरांचा एक ग्रुप भेटला. चाफेवाडीकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून ते पठारावरच्या पायवाटेला लागत होते. पुढे काळी माती आहे, अजून ओली आहे, असं आम्ही सांगितलं. ‘इतक्या लांबून आलोय, आता परत कसं जायचं?’ हे त्यांचं उत्तर. थोड्याच अंतरावर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि टायरमध्ये चिखल ठासून चाकं जाम झाली. एकाने तरीही पेडलवर जोर दिला, तसा गिअर बदलणारा डिरेल्यर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मोडला आणि डिरेल्यर चाकाच्या स्पोकमध्ये गेला. सायकली खांद्यावर घेऊन सगळे परतले.

सायकल दुरुस्त होते. वाट होत नाही. टायरचे ते चर ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखे भाजून निघाले. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन खाली उतरणाऱ्या पाड्यावरच्या बायकांना हिवाळाभर वाटेच्या कडेकडेने पाय जपत चालावं लागलं. पुढच्या पावसात पाणी त्याच चरांतून धावलं आणि वाटेची घळ झाली. एका रविवारच्या उतावळेपणाची किंमत त्या बायकांनी मोजली, याचा मला आजही संताप येतो.

डबक्याला वळसा घालू नका. प्रत्येक जण हातभर बाजूने गेला की गवत मरतं आणि चिखल रुंद होत जातो. मधूनच जा. मधून जाण्याजोगं नसेल, तर ती वाट अजून तयार नाही.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलासारख्या दाट झाडीत ऊन-वारा जमिनीपर्यंत पोचत नाही, तिथे उघड्या माळाचा हिशोब लावू नका. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेचा उतार उशिरा सुकतो. काही ठिकाणी लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यातून पाऊस थांबल्यावरही पाणी पाझरत राहतं. असा पाझर दिसला की ती वाट थंडीपर्यंत विसरायची.

शेवाळलेल्या कातळावर ब्रेक दाबू नका, वेग त्याआधीच कमी करा. टायरची हवा उतरवून पकड थोडी वाढेल, माती सुकणार नाही. सायकल धुताना बेअरिंगवर प्रेशरचं पाणी मारू नका. आणि वनखात्याने फाटक बंद ठेवलं असेल, तर बाजूची पळवाट शोधू नका.

चढाचा सराव अडत नाही. खारघर डोंगराचा तोच डांबरी रस्ता पहाटे मोकळा असतो, आणि तिथे मातीला धक्का लागत नाही.