पॉलीयुरेथेन स्कॅफोल्डवर पेशी मरतात? या चुका टाळा

स्कॅफोल्डवर (पेशी वाढवण्यासाठीच्या सच्छिद्र सांगाड्यावर) सोडलेल्या पेशी दोन दिवसांत मेल्या की ‘हे पॉलीयुरेथेनच विषारी’ असं म्हणायची घाई होते. दोष पुष्कळदा पॉलिमरचा नसतो. आत शिरलेलं पाणी किंवा आत राहून गेलेलं रसायन नडतं.

सर्वांत महागात पडते ती पॉलिऑल (पॉलीयुरेथेन बनवायचा ओएच गट असलेला कच्चा माल) नीट न वाळवण्याची चूक. हिशेब करून पाहा. २००० रेणुभाराचा पॉलिकॅप्रोलॅक्टोन डायॉल १०० ग्रॅम, एनसीओ (आयसोसायनेट गट) आणि ओएच यांचं गुणोत्तर २:१. प्रीपॉलिमर (दोन्ही टोकांना एनसीओ असलेली अर्धवट साखळी) झाल्यावर १०० मिलिमोल एनसीओ उरायला हवं. पॉलिऑलमध्ये ०.१ टक्का पाणी असलं तरी त्यातलं ११ मिलिमोल संपतं, कारण पाण्याचा एक रेणू दोन एनसीओ गट खातो. मग कागदावरच्या हिशेबाने घातलेलं पुट्रेसिन (साखळ्या जोडून लांब करणारं डायअमाइन) जास्त होतं. साखळ्या आखूड राहतात, उरलेलं मुक्त अमाइन पुढे पेशींना बाधतं. म्हणून पॉलिऑल ८०–९० अंश सेल्सियसला निर्वातात रात्रभर वाळवा, कार्ल फिशर पद्धतीने (पाण्याचा अंश मोजणारं टायट्रेशन) पाणी मोजा. पुट्रेसिन घालण्याआधी डायब्यूटिलअमाइन टायट्रेशन करून उरलेलं एनसीओ मोजा आणि त्याचं वजन मिळालेल्या एनसीओवरूनच ठरवा.

शरीरात विरघळून जाणाऱ्या स्कॅफोल्डसाठी एमडीआय किंवा टीडीआय ही अरोमॅटिक डायआयसोसायनेटं नको. विघटनातून अरोमॅटिक डायअमाइन सुटण्याचा धोका असतो. लायसीन डायआयसोसायनेट घ्या.

मीठ घालून, मग ते पाण्यात धुऊन काढून छिद्रं करताना ते कमी पडलं तर कण एकमेकांना टेकत नाहीत, आतलं मीठ तिथेच अडकतं. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरट झालं तर धुणं अपुरं आहे. तुकडा मधोमध कापूनही तपासा, कारण वरची साय आतलं काही दिसू देत नाही. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) हे द्रावक वापरलं असेल तर अवशेष मोजा. औषधांसाठीची आयसीएच (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) मर्यादा ८८० पीपीएम (दशलक्षात भाग) आहे.

पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे स्फटिक ६० अंशांच्या आतच वितळतात, त्यामुळे १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये छिद्रं बसतात. इथिलीन ऑक्साइडचं कमी तापमानाचं चक्र निवडा आणि वायू पूर्ण निघून जाऊ द्या.

तरीही पेशी मेल्या, तर स्कॅफोल्ड पेशी वाढवायच्या माध्यमात ३७ अंशांना २४ तास ठेवून त्याचा अर्क वेगळ्या पेशींवर तपासा. जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला तर रसायन पाझरतंय. पुन्हा धुऊन अर्क काढा. अर्क निर्दोष निघाला तर बहुधा माध्यम छिद्रांत शिरतच नाही. स्कॅफोल्ड आधी ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवा, मग बफर तीनदा बदलून इथेनॉल काढा आणि कोरडा न होऊ देता पेशी सोडा.