जुन्या सडकेवरच्या मैलाच्या दगडाशेजारी माहितीफलक कसा उभारावा

पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्ग चौपदरी झाला आणि त्याचा क्रमांकही ९ चा ६५ झाला. परंतु नव्या मार्गाने बाजूला टाकलेल्या जुन्या सडकेच्या एखाद्या तुकड्यावर, बाभळीच्या आड, इंग्रजी अमदानीतला मैलाचा दगड आढळला, तर त्याच्याजवळ फलक लावण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे दगड जागचा हलवायचा नाही. सुशोभीकरणाच्या उत्साहात तो उपटून चौकात बसवला, की त्यावरचा आकडा त्याच क्षणी खोटा ठरतो.

दगड मुळात आपल्या जागी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मागचा किंवा पुढचा दगड शोधावा. मैल म्हणजे ८ फर्लांग, अर्थात सुमारे १,६०९ मीटर. हे अंतर जुन्या सडकेच्या वळणांवरूनच मोजावे, कारण बाह्यवळण रस्त्यावरून मोजल्यास हिशेब हमखास चुकतो. जोडीचा दगड मिळाला नाही, तर ‘मूळ जागी’ हे शब्द फलकावर लिहू नयेत.

अक्षरे वाचताना तारेचा ब्रश, आम्ल किंवा ऑइलपेंट यांना हात लावू नये. साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढे पुरते. अंधार पडल्यावर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकला, म्हणजे झिजलेल्या खाचांत सावली भरते आणि आकडा वर येतो. मी एकदा भर दुपारी घाईने इंग्रजी ‘३’ वहीत टिपला होता आणि रात्री त्याच खाचेच्या डाव्या बाजूला ‘८’ ची पुसट वेलांटी दिसली. पाच मैलांची ती चूक फलकावर कोरली गेली असती. वाचन झाल्यावर दगडाची उंची, रुंदी, कोणती बाजू सडकेकडे आहे आणि स्थानाचे अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवावेत.

मजकुरासाठी १८८४ चा सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटियर (जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ताडून पाहावेत. त्यांत गावांची इंग्रजी स्पेलिंगे वेगळी, सोलापूरचे ‘शोलापूर’ झालेले, असतात हे ध्यानात ठेवावे. मजकूर साठ-सत्तर शब्दांपलीकडे नेऊ नये. नमुना असा: ‘हा दगड इंग्रजी अमदानीतील सडकेवरील अंतर मैलांत दाखवतो. सोलापूर १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० मध्ये येथे रेल्वे येईपर्यंत लांबच्या मालवाहतुकीचा भार बैलगाड्या आणि लमाणांच्या तांड्यांवर होता.’ ‘गौरवशाली’, ‘देदीप्यमान’ वगैरे विशेषणांना येथे काम नाही, आणि उद्घाटकाचे नाव दगडावरच्या अक्षरांपेक्षा मोठे असू नये. मराठीखाली कन्नड व तेलुगू मजकूर दिल्यास सोलापुरात तो वाचणारे पुष्कळ आहेत.

परवानगी ज्याची जमीन त्याच्याकडून घ्यावी: महामार्गाच्या हद्दीत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, इतर सडकांवर सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत. अर्जासोबत छायाचित्रे व मोजमापे जोडावीत आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयालाही प्रत द्यावी.

फलकासाठी फ्लेक्स वापरू नये; सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात त्याचा रंग लवकर उडतो. अक्षरे कोरलेला काळा दगड उत्तम. पायासाठी मात्र खरी काळजी घ्यावी, कारण आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ रोवलेला खांब कलंडतो. म्हणून काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यावा, तो मैलाच्या दगडापासून दोन-तीन हात दूर असावा, म्हणजे खोदताना त्या दगडाची बैठक ढिली होत नाही, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ओळंबा लावून खांब पुन्हा तपासावा.