अनंत समजून तगर वाढवली! अनोळखी झाड ओळखताना या चुका टाळा

दोन वर्षं मी गॅलरीतलं एक झाड अनंत म्हणून जपलं. अनंताला आंबट माती लागते म्हणून दर पंधरा दिवसांनी पातळ ताक घातलं. फुलं आली, पांढरीशुभ्र, भरगच्च पाकळ्यांची. वास मात्र नाही. नर्सरीवाला म्हणाला, "झाड लहान आहे, पुढच्या वर्षी येईल वास." मग एकदा वाळकी पानं काढताना एक हिरवं पान तुटलं आणि देठाच्या टोकाला दुधासारखा पांढरा थेंब आला. अनंताला चीक नसतो. ती डबल तगर होती.

फुलाच्याच मागे लागणं, ही माझी चूक. बहुतेकांची हीच असते. मोबाइलवर फुलाचा जवळून फोटो काढायचा, ॲप जे पहिलं नाव दाखवेल ते खरं मानायचं. पण नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची फुलं एकमेकांसारखीच दिसतात. झाडाची ओळख पान, खोड आणि चीक सांगतात. म्हणून फोटो काढायचेच तर चार-पाच काढा: पूर्ण झाड, पानाची पाठ आणि पोट, पान फांदीला जुळतं ती जागा, कळी, आणि असेल तर फळ किंवा शेंग. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे तर आधी बघा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (आपली बिट्टी) इथेच वेगळ्या होतात. कण्हेरीची पानं बहुधा एका पेराला तीन-तीन येतात, बिट्टीची एकेक. विषारी मात्र दोन्ही.

नाव एक, झाडं अनेक

"चाफ्याची फांदी लाव, येतो," हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. कुठला चाफा, हे कोणी विचारत नाही. देवळाजवळचा पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, मूळचा अमेरिकेकडचा. त्याची फांदी चार दिवस सुकवून मातीत खोचली तरी जगते. तोच प्रयोग सोनचाफ्यावर केलात तर बहुतेक वेळा काटकीच उरते, म्हणून त्याची कलमं विकत घ्यावी लागतात. हिरवा चाफा सीताफळाचा भाऊबंद. आणि भुईचाफा हळदीच्या कुळातला: थंडीत त्याची पानं पार नाहीशी होतात, कंद जमिनीत झोपलेला असतो. माझ्या मावशीने अशी "रिकामी" कुंडी कचऱ्यात उलटी केली होती. उन्हाळ्यात त्याच मातीतून पानांआधी जांभळट-पांढरं फूल वर आलं असतं.

ब्रह्मकमळाचंही तेच. रात्री फुलणारं, शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचं आपलं ब्रह्मकमळ हा निवडुंग आहे, मेक्सिकोकडचा, आणि ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयात सुमारे 4,000 मीटर उंचीवर उगवणारं. इंटरनेटवर एकाची निगा वाचून दुसऱ्याला बर्फासारखं गार पाणी घालणारे लोक मी पाहिले आहेत.

लहानपणीचा चेहरा वेगळा

कोरफडीच्या पिल्लांवर पांढरे ठिपके असतात आणि पानं दोन बाजूंना पंख्यासारखी येतात. पिल्लं मोठी झाली की पानं चहूबाजूंनी गोलाकार येतात, ठिपकेही बरेचसे जातात. मनी प्लांट कुंडीत तळहाताएवढ्या पानाचा, पण आंब्यावर चढवला तर सुपाएवढं, कडेला फाटलेलं पान धरतो. ही "दुसरी जात" नव्हे.

रोपांत उलटा घोळ होतो. कुंडीत आपोआप उगवलेलं, कातरलेल्या पानांचं रोप शेवंती किंवा झेंडू समजून वाढवतात आणि ते निघतं गाजरगवत. झेंडू असेल तर पान चुरडल्यावर उग्र वास लगेच येतो. गाजरगवताचा संशय असेल तर मात्र चुरडू नका, अंगाला खाज सुटते. हातमोजे घालून, फुलायच्या आत उपटा.

चाखून पाहणं तर पूर्ण बंद. "कडू लागलं, म्हणजे औषधी" हे तर्कट धोक्याचं आहे. डिफेनबाकिया या घरात ठेवायच्या शोभेच्या झाडाचं पान चावलं तरी तोंड सुजतं. चीक तपासल्यावर हात धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका.

एवढं करूनही ओळख पटत नसेल तर फूल किंवा फळ येईपर्यंत थांबा. दह्याच्या डब्याची पट्टी कापून त्यावर पेन्सिलने नोंद करा आणि कुंडीत खोचा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. माझ्याकडे एका कुंडीत सध्या लिहिलंय: "रविवारच्या बाजारातलं, पानं समोरासमोर, चीक नाही, वास बघायचा."