बारावीनंतरचा हिशोब : या चुका टाळा

फीलाच खर्च समजणं

खाजगी इंजिनीअरिंग किंवा फार्मसी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. त्यात हॉस्टेल, मेस, अनामत, लॅपटॉप काही नसतं. सावंतवाडीचा मुलगा मुंबईत शिकायला गेला की गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिन्याला घरी येणारच. गणपतीत रेल्वेचं तिकीट नाही मिळालं, तर खाजगी बसवाला सांगेल तो दर. वहीत बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. मेस दहा महिने धरा, पण खोलीचं भाडं सुट्टीतही चुकत नाही.

शिष्यवृत्ती मिळेलच असं धरून चालणं

राजर्षी शाहू महाराज योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर निम्मी ट्युशन फी मिळते, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की हे सगळं संपलं. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी भरायचा असतो. अडकतं ते दोन ठिकाणी : उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपलेली, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. दोन्ही कामं मे महिन्यातच उरका, जूनमध्ये सेतूत रांग असते.

कर्जाचा हप्ता आधी न काढणं

दरवर्षी 1 लाख असं चार वर्षं कर्ज घेतलं, व्याज 10 टक्के. शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चालूच असतं. पाच वर्षांत ते 1 लाख 40 हजार होतं. मग 5 लाख 40 हजारांचा दहा वर्षांचा हप्ता साधारण 7,100 रुपये. शिकतानाच व्याज भरत गेलात तर मुद्दल 4 लाखच राहतं.

पॅकेजला बारानं भागणं

3 लाख 60 हजारांचं पॅकेज म्हणजे महिना 30 हजार, असं नाही. बेसिक 15 हजार धरलं, तर पॅकेजमध्येच मोजलेला तुमचा आणि कंपनीचा मिळून पीएफ 3,600, ग्रॅच्युइटी सुमारे 720, व्यवसाय कर 200. हातात साडेपंचवीस हजार. त्यातून वरचा हप्ता आणि मुंबईतली खोली वजा करून बघा.

बोटीवरच्या नोकरीत उलट चूक होते : महिन्याचा पगार बारानं गुणतात. खलाशाला सहसा पगार करारापुरताच मिळतो. महिना 40 हजार आणि आठ महिन्यांचा करार असेल तर वर्षाचे 3 लाख 20 हजार, म्हणजे महिना 26,700च्या आत. शिवाय जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी होण्यासाठीचा सहा महिन्यांचा कोर्स झाला की लगेच बोट मिळतेच असं नाही. तो रिकामा काळही खर्चातच धरा.

फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं जहाज वाहतूक महासंचालनालय) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर डेकवरचं काम मिळत नाही. संस्था डीजी शिपिंगच्या यादीत आहे का आणि एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, हेही बघा. नोकरी लावायला पैसे मागणं नियमात बसत नाही, मग एजंट गावातला, ओळखीचा का असेना.

जवळचं न बघणं

रत्नागिरीच्या शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीत कृषी विद्यापीठ, लोणेऱ्यात तंत्रशास्त्र विद्यापीठ. मत्स्यविज्ञानाच्या पदवीला एमएचटी-सीईटी लागते, आणि तिचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होतो. निकालानंतर शिरगाव आठवलं, तर ते वर्ष गेलं.