कॅमेऱ्यातले व्हिडिओ पीसीवर दिसत नव्हते, असे काढले

सारंगखेड्याच्या यात्रेतले घोड्यांचे व्हिडिओ कॅमेऱ्यात मस्त चालायचे पण केबल लावली की पीसीवर डीसीआयएम फोल्डरमध्ये नुसते फोटोच, व्हिडिओचा पत्ता नाही. आता भो, व्हिडिओचा फॉरमॅट एव्हीसीएचडी (कॅमेऱ्यात व्हिडिओ साठवायचा एक प्रकार) असला तर क्लिपा तिथं नसतातच, प्रायव्हेट फोल्डर मग एव्हीसीएचडी मग बीडीएमव्ही आणि त्यात स्ट्रीम, एवढं आत घुसल्यावर 00000 डॉट एमटीएस असल्या नावाच्या फाइली सापडतात, कोणाला सुचणार हे! केबल सारखी डिस्कनेक्ट व्हायची म्हणून कार्ड काढून सरळ रीडरला लावलं. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही म्हणून कट नाही, कॉपीच मारलं, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवून पाहिलं मगच कार्ड फॉरमॅट केलं. लांब क्लिपचे तुकडे दिसले तर घाबरू नका, एफएटी32 पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाइल 4 जीबीच्या वर जातच नाही.