मासळीचा भाव नेमका कुठे पडतो? या चुका टाळा

लहान होडीवाल्याला भाव का मिळत नाही, याचं उत्तर बहुतेक जण लिलावात शोधतात. माझ्या मते बोली सुरू होण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो. जगातली सुमारे 40 टक्के मासळी लहान मच्छीमार पकडतात, तरी भाव ठरताना त्यांचं क्वचितच चालतं. यातलं बरंच काही बदलता येण्यासारखं आहे.

उचल बिनव्याजी समजू नका

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. इंजिन बिघडलं, जाळं फाटलं की व्यापारी आगाऊ पैसे देतो, तीच उचल. व्याज मागत नाही. अट एकच, मासळी त्यालाच घालायची. मग तो बाजारापेक्षा, समजा, दहा टक्के कमी भाव लावतो. आता हिशेब मांडा. उचल जेवढी, तेवढ्याच किमतीची मासळी दर महिन्याला त्याच्याकडे जात असेल, तर महिन्याला उचलीच्या दहा टक्के रक्कम गेली. वर्षाला 120 टक्के! आणि मुद्दल जसंच्या तसं डोक्यावर. इतकं व्याज कुणी तोंडावर मागितलं असतं तर आपण उठून आलो असतो.

दर खेपेला वहीत दोनच आकडे लिहा: बाजारात चाललेला भाव आणि हातात पडलेला भाव. उचल घ्यावीच लागली, तर फेडीचे हप्ते वेगळे आणि मासळीचा भाव वेगळा, असं लेखी ठरवून घ्या.

बर्फात काटकसर नको

30 अंशांवरची 10 किलो मासळी शून्यावर आणायलाच तीन-साडेतीन किलो बर्फ वितळतो. बाहेरून पेटीत शिरणारी उष्णता वेगळीच. म्हणून उष्ण हवेत किलोला किलो बर्फ हा ठोकताळा धरतात. बर्फ बारीक फोडा. मोठ्या ढेपांनी मासळी दबते आणि मध्ये पोकळ्या राहतात. एक थर बर्फ, एक थर मासळी, तळाला पाणी जायला भोक. बांगडा, ट्यूना यांच्या बाबतीत तर हयगय नकोच, कारण ते उबेत राहिले तर हिस्टामिन हे विषारी द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. घेणारा कल्ले उचलून बघतो. लालभडक असतील तर बोली चढते, तपकिरी दिसले की तिथेच बसते.

लहान-मोठी, ताजी-शिळी मासळी एकाच टोपलीत भरू नका. सगळ्या टोपलीला हलक्या मालाचा भाव लागतो.

धक्क्यावर येऊन मग भाव विचारणं

केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाइल पोचले आणि तारली पकडणारे समुद्रातूनच फोन करून कुठे उतरायचं ते ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने 2007 मध्ये दाखवून दिलं की त्यामुळे बाजाराबाजारांतली भावाची तफावत खूपच कमी झाली आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून देणं जवळपास थांबलं. अर्थात, उचलीने बांधलेल्याला हा फोन फारसा कामाचा नाही. म्हणून आधी ती गाठ सोडवायची.

विकताना काटा शून्यावर आहे का बघा, रिकाम्या क्रेटचं वजन आधी करून ठेवा. पावतीवर वजन, मासळीची जात, भाव आणि कपात हे सगळं लिहून घ्या. कपातीचं कारण तिथल्या तिथे विचारा. दुसऱ्या दिवशी माल विकून गेलेला असतो आणि वजन पुन्हा करता येत नाही.