म्यूकरवरचे शोधनिबंध मोजताय? या चुका टाळा

मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना म्यूकरमायकोसिस (म्यूकर, 'ब्लॅक फंगस' म्हणून गाजलेला बुरशीसंसर्ग) हा साथरोग कायद्याखाली अधिसूचित आजार करायला सांगितलं. त्यावर निबंधांचा पूर आला, आणि पाठोपाठ त्या निबंधांची मोजदाद करणारे निबंधही. माझ्या मते त्यातली गडबड आकडेमोडीपेक्षा शोधपेटीत जास्त होते.

'ब्लॅक फंगस' टाकून पाहा. चिनी जेवणातल्या काळ्या अळंबीचे निबंधही हजर! मुळात म्यूकरची बुरशी काळी नसतेच. काळं पडतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं ऊतक. बुरशीशास्त्रात 'काळी बुरशी' म्हणजे मेलॅनिनवाली वेगळीच मंडळी.

'कॅम' हे लघुरूप त्याहून बिलंदर. कोविडसोबतचा म्यूकर म्हणजे कॅम, आणि पूरक व पर्यायी वैद्यक म्हणजेही कॅम. 'कोविड' जोडून शोधलंत तरी काढे आणि योगासनं यादीत येऊन बसतात. पूर्ण नाव लिहा. जोडीला 'झायगोमायकोसिस' हे जुनं नाव आणि 'रायझोपस' हे बुरशीचं नाव घ्या.

उलट चूकही होते. फक्त म्यूकर मोजायचा आणि शीर्षक द्यायचं 'कोविडकाळातील बुरशीसंसर्ग'. मग ॲस्परजिलोसिस, कॅन्डिडा ऑरिस असे बाकीचे बुरशीसंसर्ग गेले आणि भारताचा वाटा आपोआप फुगला.

स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि पबमेड या निबंधसूचींच्या याद्या एकत्र केल्यावर डीओआय (निबंधाचा ओळख क्रमांक) जुळवून दुबार नोंदी काढतात. पण प्रीप्रिंटचा (नियतकालिकात छापण्याआधी ऑनलाइन टाकलेल्या मसुद्याचा) डीओआय छापील निबंधापेक्षा वेगळा असतो, म्हणून एकच काम दोनदा मोजलं जातं. शीर्षकही बदललेलं असेल तर लेखक आणि रुग्णसंख्या ताडून पाहा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

देशवार तक्त्यात बेरीज 100 टक्क्यांच्या वर गेली, तर घाबरू नका. भारत, इराण आणि ऑस्ट्रियातल्या लेखकांचा एक निबंध तिन्ही देशांच्या खात्यात पूर्ण 1 धरला की असंच होतं. प्रत्येकाला एक तृतीयांश दिलंत तर बेरीज जुळते. कोणतीही पद्धत चालेल. कोणती वापरली ते तक्त्याखाली लिहा म्हणजे झालं.

आणि निबंधांच्या संख्येवरून आजार किती पसरला ते सांगू नका. एका रुग्णावरचं पत्रही 1, आणि सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मधल्या 287 भारतीय रुग्णांचा (त्यातले 187 कोविडशी निगडित) बहुकेंद्री अभ्यासही 1 च.